पावसाळ्यात तळमजल्याचा संडास तुंबतोय: सेप्टिक टाकी उपसू की शोषखड्डा नवा काढू? (धायरी, पुणे)

धायरी_फाटा:

स्वतंत्र घर, तळमजला अधिक एक. आमच्या गल्लीत ड्रेनेज लाइन अजून आलेली नाही, त्यामुळे सगळं सेप्टिक टाकीवर. टाकी वीटबांधकामाची, आतून प्लास्टर, वर आरसीसी स्लॅब. आतली लांबी ७ फूट, रुंदी ३ फूट, पाण्याची खोली ४ फुटांच्या आसपास, मध्ये आडवी भिंत, दोन झाकणं. पुढे ४ फूट व्यासाचा आणि ६ फूट खोल शोषखड्डा, दगड आणि विटांचे तुकडे भरलेला. घरात सहा माणसं. ८ वर्षांत टाकी एकदाही उपसलेली नाही.

जूनपासून तळमजल्याच्या संडासात पाणी हळू उतरतं. मोठी सर आली की भांड्यात वर चढतं. वरच्या मजल्यावर त्रास नाही. न्हाणीच्या जाळीतून गुडगुड ऐकू येते आणि रात्री वास येतो. उन्हाळ्यात यातलं काहीच नव्हतं.

सल्ले तीन मिळालेत. सक्शन गाडीवाला म्हणतो, दर सहा महिन्यांनी उपसावीच लागते. प्लंबर म्हणतो, दोन बाटल्या ॲसिड आणि वरून बॅक्टेरियाची पावडर. शेजारचे म्हणतात, सोकपिट गेलं, नवं काढा. पैसे नक्की कुठे घालायचे? वॉशिंग मशीन, मोरी आणि आरओचं पाणीही टाकीतच जातं. बोअर शोषखड्ड्यापासून २५ फुटांवर आहे, ते कोणीतरी विचारणारच म्हणून आधी सांगून ठेवतो.

मोजपट्टी:

तिघांनीही झाकण न उघडता सल्ला दिलाय. आधी मोजा.

उन्हाळ्यात ठीक आणि पावसात तुंबतं, म्हणजे पहिला संशय शोषखड्ड्यावर. पण नुसत्या संशयावर कुदळ मारायची नाही. दिवसाउजेडी तीन झाकणं उघडा, या क्रमाने: टाकीच्या आधीचा चेंबर, टाकीचं आउटलेटकडचं झाकण, शेवटी खड्डा. उघडल्यावर पंधरा-वीस मिनिटं लांब व्हा. मग वरूनच बघा, वाकून डोकं आत घालू नका. विडी-काडी, लायटर जवळ नको, आत मिथेन असतो.

आता टाकीतली पाण्याची पातळी बघायची. चालू टाकीत पाणी आउटलेट पाईपच्या बुडाला टेकलेलं असतं, ना वर ना खाली. पातळी तिथेच आहे पण आधीचा चेंबर भरलाय, तर अडथळा चेंबर ते टाकी या पाईपात किंवा इनलेटच्या टीमध्ये (पाईपच्या तोंडाला बसवलेला टी आकाराचा उभा जोड). ते रॉड मारून सुटतं, गाडी लागत नाही. पातळी आउटलेटच्या वर चढली असेल तर आउटलेट चोंदलंय किंवा खड्डा पाणी घेत नाहीये. आणि आउटलेटच्या खाली असेल तर टाकी गळतेय. मैला सरळ जमिनीत चाललाय आणि बोअर २५ फुटांवर! अशा घरात तुंबणं, वास वगैरे काहीच होत नाही, म्हणून वर्षानुवर्षं कोणी बघतही नाही.

गाळ मोजायला ७-८ फुटांची सरळ काठी किंवा पाऊण इंची पीव्हीसी नळी घ्या. खालच्या ४ फुटांना जुनं पांढरं टॉवेल घट्ट गुंडाळून सुतळीने बांधा. रबरी हातमोजे घाला. काठी सावकाश तळाला टेकवा, तीनेक मिनिटं तशीच धरा, एकदा जागच्या जागी फिरवा आणि सावकाश वर काढा. काळा चिकट भाग तो गाळ, त्यावरचा नुसता ओला भाग ते पाणी. वर तरंगणाऱ्या थरासाठी काठीच्या टोकाला हाताएवढी आडवी पट्टी ठोका. थर भेदून खाली न्या आणि हळूहळू वर ओढा. पट्टी अडली की थराचं बूड लागलं. दोन्ही कप्प्यांत हे वेगवेगळं मोजा.

गाळ आणि वरचा थर मिळून पाण्याच्या खोलीच्या निम्म्यावर गेले की उपसायची वेळ टळून गेलेली असते. तृतीयांशाला पोचले की गाडी सांगायची. माणशी वर्षाला ३० ते ७५ लिटर गाळ साठतो, खाणंपिणं आणि वापर यावर ठरतं. तुमची टाकी साधारण २,४०० लिटरची, माणसं सहा. म्हणजे दोन ते चार वर्षांतून एकदा. सहा महिने हा आकडा गाडीच्या हप्त्याचा आहे, टाकीचा नाही.

जाता जाता आउटलेटला टी आहे का आणि तिचा खालचा पाय शाबूत आहे का, तेही बघा. आणि गच्चीवरचा पावसाचा पाईप कुठे उतरवलाय?

कर्वेनगर_जुना:

गुडगुडीचं सांगतो. वेंट पाईपचं, म्हणजे टाकीतला वायू वर सोडणाऱ्या पाईपचं, वरचं टोक बघून घ्या. पक्ष्यांनी घरटं केलेलं असतं किंवा कोणीतरी पत्रा मारताना तो मध्येच कापून ठेवलेला असतो. पाईप कमीत कमी २ इंची आणि घराच्या माथ्यापासून साधारण ६ फूट वर गेलेला हवा, खिडकीच्या उंचीवर सोडलात तर वास घरातच येणार. टोकाला नायलॉनची जाळी बांधा. क्युलेक्स डास सेप्टिक टाकीत बिनबोभाट वाढतात आणि त्याच पाईपातून बाहेर पडतात. झाकणाच्या कडाही अशक्त सिमेंट-वाळूने बुजवा, म्हणजे डास अडतात आणि पुढच्या वेळी छिन्नीच्या दोन ठोक्यांत झाकण सुटतं.

धायरी_फाटा:

सगळं मोजलं. टाकीतलं पाणी आउटलेटच्या बुडापासून ५ इंच वर आहे. पहिल्या कप्प्यात गाळ २० इंच, वरचा थर ५ इंच. दुसऱ्या कप्प्यात गाळ १२, थर २. खड्डा काठोकाठ भरलेला. आउटलेटला टी नाहीच, नुसता पाईप भिंतीतून बाहेर काढलाय. आणि गच्चीचा एक पाईप टाकीच्या आधीच्या चेंबरमध्येच सोडलेला निघाला. गच्ची १,००० चौरस फूट. वेंट वरपर्यंत मोकळा आहे.

मोजपट्टी:

मग चित्र स्पष्ट आहे. एकामागोमाग एक असं झालंय.

१,००० चौरस फुटांच्या गच्चीवर ५० मिलिमीटर पाऊस पडला तर साडेचार हजार लिटरच्या वर पाणी होतं. तुमच्या टाकीच्या जवळजवळ दुप्पट. त्यातलं अर्धं जरी त्या पाईपातून आलं तरी टाकीतला गाळ ढवळून निघतो. सेप्टिक टाकीचं कामच मुळी पाणी शांत ठेवण्याचं आहे: जड ते खाली बसतं, तेल-तूप आणि हलकं ते वर तरंगतं, मधलं निवळ पाणी बाहेर जातं. मैला कुजायला पाणी टाकीत दिवसभर तरी थांबावं लागतं. इथे सर आली की सगळं काही मिनिटांत पुढे ढकललं जातं.

त्यात टी नाही. टीचा खालचा पाय पाण्यात बुडालेला असतो म्हणून मधल्या थरातलंच पाणी उचललं जातं. नुसता पाईप असला की वरची साय थेट खड्ड्यात. आता गाळाचा हिशोब बघा. सहा माणसं, ८ वर्षं, माणशी ३० लिटर इतका कमी धरला तरी १,४०० लिटरच्या आसपास साठायला हवा होता. तुमच्या मापांवरून दोन्ही कप्प्यांत मिळून निघतो हजारभर. उरलेला खड्ड्यात गेला. दुसऱ्या कप्प्यात फूटभर गाळ असणं हीही त्याचीच खूण.

खड्ड्याच्या भिंतींवर त्याचा काळा बुळबुळीत लेप बसतो आणि मुरमाची छिद्रं बुजतात. उन्हाळ्यात आजूबाजूची जमीन कोरडी असते, म्हणून लेपातूनही कसंबसं पाणी झिरपत होतं. पावसात जमीन स्वतःच भरली, आणि पाणी मागे सरकत तळमजल्याच्या भांड्यापर्यंत आलं. वरचा मजला उंचावर, त्याला काही कळत नाही.

म्हणजे शेजारचे निम्मे बरोबर, गाडीवाला पाव. करायचं ते या क्रमाने. गच्चीचा पाईप आजच्या आज तोडा आणि बागेत किंवा वेगळ्या पुनर्भरण खड्ड्यात न्या (बोअरच्या तोंडाशी मात्र गाळणीशिवाय सोडू नका). यालाच सगळ्यात कमी पैसे लागतात आणि फरक सगळ्यात मोठा पडतो. मग टाकी उपसा, पहिल्या कप्प्यात २५ इंच झालेत, म्हणजे निम्म्याच्या वर. उपसलेली असतानाच टी बसवा. खड्ड्याचं काम पाऊस ओसरल्यावर. ओल्या जमिनीत खणलं की फावड्यानेच भिंती लिंपल्या जातात आणि नवा खड्डा पहिल्या दिवसापासून अर्धा बाद.

टी साधी ११० मिमीची पीव्हीसी चालते. खालचा पाय पाण्याच्या पातळीपासून १५ ते १८ इंच खाली, वरचा ६ इंच वर आणि उघडा, म्हणजे वायू पुढे-मागे जातो आणि वरून रॉडही घालता येतो. इनलेटलाही टी हवी, पण तिचा पाय फूटभर पुरे. इनलेट पाईपचं बूड आउटलेटच्या बुडापेक्षा २ ते ३ इंच वर असायला हवं, तेही पट्टी लावून बघून घ्या. झाकण आउटलेटच्या डोक्यावर नसेल तर स्लॅबला तिथे नवीन तोंड काढावं लागेल. ते उपसून, झाकणं उघडी ठेवून, पाण्याच्या धारेवर चालणाऱ्या कोअर कटरने. ग्राइंडर लावू देऊ नका, ठिणगी उडते. टी बसवायला कोणालाही आत उतरवायचं नाही, हात पोचेल अशा जागीच तोंड काढायचं.

सक्शन_सोपान:

उपसण्याच्या दिवसाचं मी लिहितो, कारण नव्वद टक्के लोक गाडी आली की चहा टाकायला आत जातात.

आधी विचारायचं: गाडी किती लिटरची आणि पाईप किती लांब. २,४०० लिटरच्या टाकीला ३,००० लिटरची गाडी एका खेपेत पुरते. पण तुमचा खड्डा भरलेला आहे आणि पातळी आउटलेटच्या वर आहे, त्यामुळे उपसायला लागलं की खड्ड्यातलं पाणी आउटलेटमधून उलटं टाकीत येणार. गाडी भरते आणि टाकी रिकामी होत नाही. मग दुसऱ्या खेपेचे पैसे. यावर उपाय म्हणजे आउटलेटच्या बाहेरचा चेंबर उघडून पाईपच्या तोंडात रबरी फुगा किंवा पोत्याचा घट्ट बोळा बसवायचा. बोळ्याला दोरी बांधा, नाहीतर तोच नंतर शोधत बसाल.

झाकणं तासभर आधी उघडायची, मुलं आणि कुत्री लांब. दोन्ही कप्पे उपसायचे. एकाच झाकणातून पाईप घालून "झालं साहेब" म्हणणारे खूप. आणि सुरुवातीलाच वरचं पाणी ओढू द्यायचं नाही. पाणी सहज येतं, गाडी भरते आणि गाळ तळाशीच राहतो. आधी काठीने वरचा थर फोडायचा, मग गाडीतलंच पाणी उलट्या दाबाने टाकीत मारून तळ ढवळायचा, मग ओढायचं. ८ वर्षांचा गाळ तळाला घट्ट बसलेला असतो, दोन-तीनदा ढवळावं लागेल. उपसून झाल्यावर तुमची काठी पुन्हा घाला. पैसे त्यानंतर.

टाकी चकाचक धुवायची नाही. तळाला इंचभर गाळ राहू द्या, त्यातल्या जंतूंवरच टाकी पुन्हा चालू होते. आणि लगेच साध्या पाण्याने आउटलेटपर्यंत भरून घ्या. रिकामी ठेवली तर पावसात भोवतालच्या पाण्याचा दाब भिंतींवर आणि तळावर येतो, तडे जातात.

स्लॅबकडे बघायची हीच वेळ. टाकीतल्या हायड्रोजन सल्फाइडपासून स्लॅबच्या खालच्या बाजूला गंधकाम्ल तयार होतं, ते काँक्रीट खातं आणि सळ्या उघड्या पडतात. वरून हातोडीने ठोकून बघा. भद्द आवाज आला, खालून पापुद्रे सुटलेले दिसले तर त्यावरून चालणंही बंद, गाडी उभी करणं तर सोडाच.

आणि माणूस आत उतरवायचा नाही. "दोनच मिनिटं उतरतो दादा" असं तो स्वतः म्हणाला तरी नाही. हायड्रोजन सल्फाइडचं प्रमाण वाढलं की नाकाला वास येणंच बंद होतं, त्यामुळे वास गेला म्हणजे हवा चांगली असं समजणं म्हणजे मरण. खाली पडलेल्याला काढायला दुसरा उतरतो आणि तोही जातो, बातम्यांमध्ये नेहमी दोघं-तिघं असतात ते यामुळे. २०१३ च्या कायद्याने सुरक्षा साधनांशिवाय असं काम करून घेणं गुन्हा आहे. पहिल्या वेळी २ वर्षांपर्यंत कैद किंवा २ लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि काम सांगणारा घरमालकही त्यात येतो. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये अशा मृत्यूची भरपाई ३० लाख केली. कोणी आत पडलंच तर १०१ आणि १०८. तोवर वरून हवा मारत राहायची, उतरायचं नाही.

गाडी कुठे रिकामी करणार तेही विचारा आणि पावतीवर लिहून घ्या. ओढ्यात ओतणारे असतात, आणि तो ओढा पुढे कोणाच्या तरी विहिरीशेजारूनच जातो.

उंड्री_पिसोळी:

पावडरीबद्दल कोणी बोललं नाही. आमच्या सोसायटीत दर महिन्याला टाकतात. उपयोग असतो का?

बायोगॅसवाले:

टाकीला लागणारे जंतू माणूस रोज सकाळी फुकट पुरवतो. चालू टाकीत पावडर टाकून गाळ उपसायचा वाचत नाही. गाळात वाळू, राख, न कुजणारे तंतू असतात, ते जंतू खात नाहीत. काही द्रवरूप औषधं वरचा तेलकट थर विरघळवतात, तो पातळ होऊन खड्ड्यात जातो आणि तिथे पुन्हा घट्ट होतो. टाकी स्वच्छ दिसते, खड्डा मरतो. धायरीकरांच्या बाबतीत तर हे आगीत तेल.

नव्या टाकीला विरजण लागतं हे खरं. पण त्यासाठी टाकी आधी पाण्याने भरायची आणि चालू टाकीतला बादलीभर गाळ किंवा चांगलं कुजलेलं शेण कालवून घालायचं, बस. मेलेली कोंबडी टाकायचा सल्ला अजूनही दिला जातो. त्याने दुर्गंधीशिवाय काही मिळत नाही.

ॲसिड मात्र अजिबात नको. आठवड्याला भांडं घासायला झाकणभर क्लीनर आणि फरशीला फिनेल, इतकं टाकी पचवते. दोन बाटल्या एकदम ओतल्या की जंतू मरतात, प्लास्टर खाल्लं जातं, आणि आत सल्फाइड साठलेले असतील तर विषारी हायड्रोजन सल्फाइड भसकन बाहेर पडतो. ब्लीचिंग पावडरच्या मागोमाग ॲसिड ओतलं तर क्लोरीन निघतो, तेही बंद संडासात.

टाकीत जाऊ नये असं बरंच आहे, पण पुण्याच्या घरांत सगळ्यात जास्त सापडतं ते तळणीचं तेल, उरलेली भात-आमटी आणि ओले वाइप्स. "फ्लश करता येतात" असं पाकिटावर लिहिलेलं असलं तरी ते कुजत नाहीत, टीमध्ये अडकतात. सिंकनंतर छोटा ग्रीज ट्रॅप (तेल-तूप अडवणारा चेंबर) बसवा आणि पंधरा दिवसांनी त्यातली साय काढून कचऱ्यात टाका.

मुरूम_आणि_कातळ:

खड्ड्याचं. ४ फूट व्यास, इनलेटखाली ५ फूट खोली धरली तर भिंतीचं क्षेत्रफळ साधारण पावणेसहा चौरस मीटर. तळ धरायचा नाही, तो पहिल्या वर्षीच गाळाने बंद होतो. चांगला मोकळा मुरूम असेल तर चौरस मीटरमागे दिवसाला ५० ते १०० लिटर मुरतं, चिकट काळी माती असेल तर त्याच्या चौथाई. तुमचा खड्डा नवा असताना, अगदी उत्तम जमिनीत, ३०० ते ५५० लिटर घेत असेल. आणि माणशी १३५ लिटरने सहा माणसांचं पाणी होतं ८०० लिटरच्या वर. म्हणजे खड्डा पहिल्यापासूनच लहान होता, टी नसल्याने लवकर गेला इतकंच.

म्हणून नवा खड्डा खणायच्या आधी पाणी वेगळं करा. १३५ मधले फ्लशचे ४५ धरतात. आंघोळ, कपडे, भांडी हे उरलेले ९० टाकीत न्यायची गरजच नाही. हे पाणी ग्रीज ट्रॅपमधून वेगळ्या उथळ चरात किंवा केळी-कर्दळीच्या वाफ्यात न्या. आरओचं पाणी फरशीला वापरा. एवढं केलंत तर टाकीवरचा भार ८०० वरून २७० लिटरवर येतो. फ्लशची टाकी गळते का तेही बघा: टाकीत खाण्याचा रंग टाकायचा, अर्धा तास फ्लश करायचा नाही, भांड्यात रंग उतरला तर वॉशर बदला. न ऐकू येणारी गळतीसुद्धा दिवसाला शेकडो लिटर घेऊन जाते.

मग जमिनीची परीक्षा. ठरलेल्या खोलीपर्यंत खणून तळाशी ६ ते १२ इंच रुंदीचा छोटा खड्डा करा, भिंती खिळ्याने खरवडा, तळाला २ इंच जाडी वाळू. फूटभर पाणी भरा आणि रात्रभर मुरू द्या. दुसऱ्या दिवशी वाळूवर ६ इंच पाणी ठेवून अर्ध्या तासात किती उतरतं ते मोजा. १ इंच उतरायला लागणारी मिनिटं हा तुमचा आकडा. ३० मिनिटांच्या आत असेल तर शोषखड्डा चालतो. ३० ते ६० असेल तर खड्डा विसरा, उथळ चर काढा: दीड-दोन फूट रुंद, ३ फुटांच्या आत खोल, तळाला खडी, मध्ये ४ इंची छिद्रांचा पाईप, वर खडी, मग जुनी गोणपाटं आणि माती. ६० च्या वर असेल तर जमिनीत मुरवायचा नाद सोडा. सिंहगड रोडच्या बाजूला कातळ कुठे ३ फुटांवर लागतो, कुठे १२ वर, शेजाऱ्याच्या प्लॉटवरून अंदाज बांधू नका.

दोन खड्डे काढा आणि मध्ये वाय आकाराचा चेंबर ठेवा. सहा महिने एक, सहा महिने दुसरा. विश्रांती मिळाली की लेप वाळून तडकतो आणि खड्डा पुन्हा पाणी घेतो. जुन्या खड्ड्यालाही हीच संधी द्या, बुजवू नका.

आता बोअर. सेप्टिक टाक्यांच्या भारतीय मानकात, आयएस २४७० मध्ये, शोषखड्डा आणि पिण्याच्या पाण्याचा स्रोत यांत १८ मीटर अंतर सांगितलंय, म्हणजे ६० फूट. तुमचं २५. आणि हा दख्खनचा बसाल्ट खडक आहे, मातीसारखं गाळण त्यात होत नाही. पाणी भेगेत शिरलं की भेग नेईल तिकडे जातं, त्यामुळे ६० फूटही शंभर टक्के हमी नाही. जानेवारी २०२५ मध्ये आपल्याच सिंहगड रोडवरच्या नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या पट्ट्यात जीबीएसचे (गुलियन-बारे सिंड्रोम, नसांचा आजार) रुग्ण वाढले तेव्हा संशय दूषित पाण्यावरच गेला होता. बोअरचं पाणी कोलिफॉर्म (मैला मिसळल्याची खूण असलेले जंतू) आणि नायट्रेटसाठी तपासून घ्या, पुण्यात राज्य सार्वजनिक आरोग्य प्रयोगशाळा आहे. नमुना त्यांच्या निर्जंतुक बाटलीतच घ्यायचा. तपासणी पावसाळ्यात करा, उन्हाळ्यातला चांगला अहवाल जुलैत कामाचा नाही. तोवर ते पाणी पिण्यासाठी उकळूनच, आणि नवे खड्डे प्लॉटच्या दुसऱ्या टोकाला.

धायरी_फाटा:

गच्चीचा पाईप तोडला. त्यानंतर मोठी सर येऊनही भांड्यात पाणी चढलं नाही, हळू मात्र अजून उतरतं. टाकीचं प्लास्टर मध्ये एका जागी सुटलंय. तर ही विटांची काढून तयार फायबरची टाकी टाकू का? आणि पुढेमागे महापालिकेची लाइन आली तर हा सगळा खर्च वाया जाणार का?

मोजपट्टी:

हळू उतरतंय ते खड्ड्यामुळे, तो दिवाळीनंतर.

एका जागचं प्लास्टर सुटलं म्हणून टाकी बदलत नाहीत. उपसल्यावर एक दिवस आउटलेटपर्यंत भरून ठेवा, घरातला वापर तेवढा वेळ बंद. पातळीवर खडूची खूण. २४ तासांत अर्ध्या इंचापेक्षा जास्त उतरली तरच दुरुस्तीचा विचार.

फायबर किंवा प्लास्टिकची टाकी हलकी असते. काळ्या मातीत, पावसात, कोणी ती पूर्ण उपसली की भोवतालचं पाणी तिला उचलतं आणि जोडलेले पाईप तुटतात. बसवायचीच तर खाली काँक्रीटचा थर, टाकीच्या कानांना पट्टे बांधून त्या थरात नांगर, भोवती दगड न घालता चाळलेली वाळू, आणि भरताना आत पाणी व बाहेर वाळू बरोबरीने चढवायची. तुमच्याकडे चालू टाकी असताना या भानगडीत पडायचं कारण दिसत नाही.

लाइन आली की संडासाचा पाईप टाकीतून न नेता सरळ लाइनच्या चेंबरला जोडायचा. टाकी मध्ये ठेवली तर उपसत बसावंच लागतं. जुनी टाकी उपसून चुन्याची निवळी मारायची, तळाला वरूनच ब्रेकरने दोन-तीन भोकं पाडायची म्हणजे आत पाणी साठत नाही, स्लॅब तोडून मुरूम ९ इंचांच्या थरांनी पाणी मारत दाबून भरायचा. पावसाचं पाणी साठवायला ती वापरू नका, विटांत मुरलेलं निघत नाही. वेगळं केलेलं आंघोळीचं पाणी, दोन खड्डे आणि चर मात्र तसेच ठेवा, पुढे गच्चीचं पाणी गाळून त्यातल्या जुन्या खड्ड्यात नव्हे, न वापरलेल्या चरात सोडता येतं.

सक्शन_सोपान:

लाइन जोडताना एक बघा. टाकीच्या आधीच्या चेंबरचं बूड आणि रस्त्यावरच्या चेंबरचं बूड यांत उतार पुरतो का. ४ इंची पाईपला ४० फुटांना फूटभर उतार हवा. रस्ता दर डांबरीकरणाला वर चढतो, घर तिथेच राहतं. उतार जेमतेम असेल तर चेंबरमध्ये उलटं पाणी अडवणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवायला लागेल आणि त्याची झडप दर पावसाळ्याआधी उघडून साफ करावी लागेल.